गोलाईचं काम

लाकडात सरळ रेघ स्वस्त आणि गोलाई महाग. करवत सरळ जाते, रंधा सरळ चालतो, गुण्याला तर काटकोनाशिवाय काही दिसतच नाही. पण घरातल्या ज्या वस्तूंना रोज हात लागतो त्या बघा: पोळपाट, विळीचा पाट, झोपाळ्याची कड, पाळण्याचा कठडा, काठीची मूठ. जिथं माणसाचं अंग टेकतं तिथं गोलाई हवीच. ती किकऱ्यानं सोलायची, कानशीनं घासायची आणि मग पॉलिशपेपर बोटांना गुंडाळून तासन्‌तास पुसत बसायचं. विळीच्या पाटाची आत गेलेली कंबर हातानं काढायला अख्खी दुपार जाते. गिऱ्हाईक पैसे देतं ते पाटाचे, दुपारचे नाही.

या हिशेबातून मी टेबलावर ठेवायचं सँडर घेतलं. स्पिंडल आणि बेल्ट, दोन्ही एकातच. ज्यांनी पाहिलं नसेल त्यांच्यासाठी सांगतो. पाण्याच्या मोठ्या कॅनएवढं धूड, वर सपाट टेबल, टेबलाच्या मधोमध भोक. त्यातून एक उभा दांडा वर येतो. दांड्यावर रबरी लाट चढवायची, रबरावर पॉलिशपेपरची नळी. मोटर सुरू केली की दांडा गोल फिरतो आणि फिरता फिरता सावकाश वर-खालीही होतो. माझ्या मशिनच्या पाटीवर ६५० वॉट, मिनिटाला २००० फेरे आणि ५८ हेलकावे असं लिहिलेलं आहे. एक हेलकावा १६ मिलिमीटरचा. दांड्याची लाट काढून त्या जागी पट्ट्याचा जोड बसवला की चार इंच रुंदीचा पट्टा टेबलावर उभा धावू लागतो. आतली गोलाई लाटेवर, बाहेरची गोलाई आणि सपाट कडा पट्ट्यावर.

तो वर-खाली हेलकावा चैनीचा वाटतो, पण या यंत्राचा सगळा जीव त्यात आहे. कागद एकाच जागी फिरत राहिला तर त्याचा प्रत्येक खडा लाकडावर स्वतःची चरी पाडतो, भुसा तिथंच अडकतो, कागद तापतो आणि लाकूड काळं पडतं. हेलकाव्यामुळे एका खड्याची चरी दुसरा पुसत जातो. ड्रिलमशिनला रबरी लाट लावून हेच काम करणारे मी पाहिले आहेत. काम होतं, पण आडव्या रेघा राहतात, आणि बाजूनं सतत दाब आल्यानं ड्रिलची बेअरिंगं आवाज करायला लागतात. बेअरिंगचा आवाज मला झोपेतही ओळखू येतो, कारण नोकरीची सगळी वर्षं थळच्या खत कारखान्यात देखभालीवर गेली. पंप, पंखे, गिअरबॉक्स. लाकूड हे निवृत्तीनंतरचं.

लाकूड आलं ते मात्र न मागता आलं. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर आदळलं. वारा ताशी शंभर-एकशेदहा किलोमीटर, झोत त्याहून जास्त. चौल-रेवदंड्यापासून मुरूड, श्रीवर्धन, दिवेआगरपर्यंतच्या वाड्या एका दुपारीत झोपल्या. सुपारी तर कापणीला आल्यासारखी आडवी झाली. आमच्या वाडीतला जुना फणस मुळासकट उपटला गेला, एक रायवळ आंबा मधोमध चिरला. वीज येईपर्यंत दिवस नाही, आठवडे मोजावे लागले. पंचनामे झाले, पडलेली झाडं लोकांनी मिळेल त्या भावात विकली, कितीतरी सरपणाला गेली. मला फणस सरपणाला घालवेना.

पडलेल्या झाडाचंही लाकूड करायचं तर दोन अडचणी असतात. पहिली कागदाची. महाराष्ट्रात १९६४ सालापासून वृक्षतोड नियमनाचा कायदा आहे आणि आंबा, फणस दोन्ही त्याच्या अनुसूचीत येतात. वादळानं पाडलेलं झाड असलं तरी ओंडके रस्त्यानं कटाईला न्यायचे म्हणजे परवानगी आणि वाहतुकीचा पास लागतो. दुसरी अडचण वाळवणीची. इंचभर जाडीच्या फळीला एक वर्ष असा ढोबळ हिशेब सांगतात, पण तो कोरड्या मुलखातला असावा. आमच्याकडे जून ते सप्टेंबर फळी काही वाळत नाही. उलट हवेतलं पाणी पिऊन जड होते. फळ्या पडवीत पट्ट्या घालून रचल्या, टोकांना रंग फासला आणि विसरून गेलो. वापरण्यासारखं लाकूड हाती आलं तेव्हा त्यावरून दोन पावसाळे गेले होते.

मशीन मुंबईहून, नागदेवीच्या बाजारातून आणलं. त्या गल्लीत यंत्र विचारायला गेलात तर पहिला प्रश्न येतो, ‘किती नग?’ एक नग म्हटलं की दुकानदाराचा रस संपतो. भाऊचा धक्का ते मांडवा ही गाड्या नेणारी रो-रो बोट वादळाच्या आधी तीनच महिने, मार्च २०२० मध्ये सुरू झाली होती. तिच्यामुळे खोकं गाडीच्या डिकीत ठेवून तासाभरात खाडीपलीकडे. पूर्वी हेच धूड लाँचच्या फळीवरून डोक्यावर चढवावं लागलं असतं. त्याच भाऊच्या धक्क्यावरून उरणच्या मोऱ्यालाही लाँच जाते, आणि मोऱ्याची आठवण इथं उगाच निघालेली नाही. १९४१ साली तिथंच ग्राइंडवेलनं घासचाकं बनवायला सुरुवात केली. पुढे ती ग्राइंडवेल नॉर्टन झाली. आज देशभरच्या हार्डवेअरच्या दुकानांत नॉर्टनचा पॉलिशपेपर टांगलेला असतो, त्याच्या भारतातल्या घराण्याचं मूळ आमच्याच जिल्ह्यातल्या एका बंदरात आहे. आम्हाला मात्र उरण म्हटलं की नौदलाचं शस्त्रागार आणि न्हावाशेवाच आठवतात.

मशिनबरोबर लाटांचा संच येतो. सर्वांत बारीक १३ मिलिमीटरची, मग चढत्या क्रमानं ७६ मिलिमीटरपर्यंत. नवशिक्याचा हात बारीक लाटेकडे जातो, कारण ती कुठल्याही खाचेत शिरते. इथं थोडं गणित करून पाहावं. फेरे सगळ्यांना सारखेच, मिनिटाला २०००. ७६ मिलिमीटरच्या लाटेची कड त्यात पावणेपाचशे मीटर धावते आणि १३ मिलिमीटरची जेमतेम ऐंशी. शिवाय बारीक नळीवर कागद मोठीच्या सहाव्या हिश्श्याएवढाच. म्हणजे ती कापते कमी, झिजते लवकर, आणि माणूस जोर लावतो म्हणून लाकूड जळतं. विळीच्या पाटाच्या कमरेला मी पन्नासच्या लाटेखाली उतरत नाही. नियम एवढाच, की गोलाईत बसेल ती सर्वांत मोठी लाट.

दुसरी गोष्ट कंपनीच्या पुस्तिकेत कुठंतरी असते पण कोणी वाचत नाही. कागदाची नळी साडेचार इंच उंच, आणि आपली फळी इंच-दीड इंचाची. हेलकावा धरूनही कागदाचा खालचा निम्मा भागच झिजतो, वरचा कोरा राहतो आणि नळी फेकली जाते. मी टेबलावर ठेवायला एक खोटं टेबल केलं, जाड प्लायचं, मधे भोक. खालचा कागद गुळगुळीत झाला की खोटं टेबल चढवायचं. फळी दोन इंच वर येते आणि कोऱ्या कागदाला लागते. मग नळी उलटी करायची. नळ्या गावात मिळत नाहीत, मागवाव्या लागतात, त्यामुळे असला कंजूषपणा आपोआप सुचतो.

तशी या यंत्राची किंमत एकदाच द्यायची नसते. मोटर, टेबल, दांडा हे एकदाचं. पट्टे आणि नळ्या कायमच्या, आणि समुद्राकाठी त्यांचं आयुष्य वेगळंच. पट्टा म्हणजे कापडावर खडे चिकटवलेली पट्टी, दोन टोकं आतून टेपनं जोडलेली. हा सांधा दमट हवेत सुटतो. जुलैत टांगून ठेवलेला कोरा पट्टा ऑगस्टमध्ये चढवला की चालू झाल्याझाल्या फटकन उघडतो. हाताला लागला तर वळ उठतो. कागद दमट हवेत वाकडे होतात, नळ्या रबरावर घट्ट बसून निघता निघत नाहीत. त्यावर उपाय सगळे घरगुती. पट्टे फरसाणाच्या मोठ्या प्लॅस्टिकच्या बरण्यांत, बरोबर औषधांच्या डब्यांतून जमवलेल्या सिलिका जेलच्या पुड्या. रबरी लाटेला नळी चढवण्यापूर्वी टाल्कम पावडर. काम झालं की पट्ट्याचा ताण सोडून ठेवायचा, नाहीतर रात्रभर ताणलेला पट्टा लांबतो आणि दुसऱ्या दिवशी बाजूला सरकत राहतो.

टेबल ॲल्युमिनियमचं, म्हणून गंजणार नाही असं दुकानदार म्हणाला. गंजत नाही, बरोबर. खाऱ्या वाऱ्यात त्यावर पांढरी बुरशीसारखी पूड येते आणि खाली बारीक खड्डे पडतात. महिन्याकाठी मेण घासून पुसलं की पूड येत नाही आणि लाकूडही त्यावर सरसर सरकतं. दांड्यावरची चकती आणि नट लोखंडी. ते पावसाळ्यात काढून तेलात. कारखान्यात आम्ही समुद्राच्या बाजूच्या पंपांना हेच करत होतो, फक्त तिथं तेलाचे पिंप होते आणि इथं शिलाईमशिनची कुपी.

विजेचं सांगायलाच हवं, कारण अलिबाग आणि वीज यांचा एक जुना किस्सा आहे. मुंबईच्या कुलाब्याला चुंबकीय वेधशाळा होती. मुंबईत ट्रामगाड्या विजेवर धावणार असं ठरलं आणि विजेच्या प्रवाहानं पृथ्वीच्या चुंबकत्वाची मोजमापं बिघडतील म्हणून १९०४ साली वेधशाळा अलिबागेत हलवली. म्हणजे ज्या गावी विजेचा उपद्रव नाही म्हणून विज्ञान आलं, त्या तालुक्यात बसून मी विजेचा दाब पुरेसा नाही म्हणून कुरकुरतो. संध्याकाळी वाड्यांतले पंप सुरू झाले की दाब उतरतो, आणि मोटरचा सूर बदलतो. अशा वेळी जोर लावला तर मोटर तापते. संध्याकाळी मी हातकाम करतो, मशीन सकाळी.

धुळीबद्दल मात्र मी हसत नाही. रंध्यातून साली निघतात, करवतीतून भुसा पडतो; तो खाली पडतो, झाडून गोणीत भरता येतो, कोंबड्यांखाली घालता येतो. सँडरमधून निघते ती पूड, आणि ती पडत नाही, तरंगते. खिडकीतून आलेल्या उन्हाच्या पट्ट्यात दिसते तेवढी जाडी. जी दिसत नाही ती छातीत जाते. लाकडाच्या धुळीनं नाकाचा कर्करोग होतो हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं १९९०च्या दशकातच नक्की केलं आणि तिला पहिल्या गटात घातलं, तंबाखूच्या रांगेत. आपल्याकडे सुतार तोंडाला फडका बांधतो, तोही घट्ट नाही. मशिनला मागे धूळ ओढायचं तोंड आहे. त्याला व्हॅक्युमची नळी, मधे झाकणाचं पिंप, म्हणजे जड पूड पिंपात बसते आणि व्हॅक्युमची पिशवी तुंबत नाही. तरी फणस घासला की ओटीवरच्या खुर्च्या हळदीनं माखल्यासारख्या होतात. फणसाच्या गाभ्याचा रंग इतका पक्का, की आग्नेय आशियात बौद्ध भिक्षूंची चीवरं त्यात रंगवतात. शेजारच्या काकूंना या माहितीचं काही कौतुक नाही. त्यांनी सांगून ठेवलंय, ‘तुम्ही मशीन लावायच्या आधी हाक द्या, मी कपडे आत घेते.’ मार्च-एप्रिलमध्ये त्यांच्या अंगणात पापड आणि आमसुलं वाळत असतात, तेव्हा मी फणस हातातच घेत नाही.

प्रत्येक लाकडाची कागदाशी वेगळी वागणूक. साग तेलकट, त्याची पूड खड्यांमध्ये चिकटून पट्टा चकचकीत होतो आणि नुसताच घसरतो. पट्टा साफ करायला क्रेप रबराची कांडी मिळते. माझ्याकडे जुन्या बुटाचा तळ आहे, तो चालत्या पट्ट्याला धरला की काळा मळ निघून कागद उघडा होतो. शिसव कडक आणि आडव्या टोकाला लगेच जळणारी. तिथं कागद कोरा हवा आणि हात सतत हलता. आंबा बेभरवशाचा, एका फळीत तीन पोत. फणस सगळ्यांत समजूतदार. ज्या लाकडाची तंजावरात अख्खी वीणा कोरतात ते गोलाईला नाही म्हणणार नाही हे उघडच आहे. नारळाचं खोड बाहेरून दगडासारखं आणि आत गाभ्याला भुसभुशीत. लाटेवर धरलं की मऊ भाग खोल जातो, कडक दोरे उभे राहतात. वादळात इतके नारळ पडले, त्यांचं काहीतरी करावं म्हणून पाहिलं आणि सोडून दिलं. तुळयांना ठीक, पाटाला नाही.

नारळाची करवंटी मात्र या यंत्रावर जमते. गावातल्या बचतगटाच्या बायका करवंटीच्या वाट्या, डाव, बटणं करतात. पूर्वी कानशीनं आणि फुटक्या काचेनं खरवडायच्या. आता अधूनमधून टोपलीभर करवंट्या घेऊन येतात. बाहेरचा शेंड्यांचा थर पट्ट्यावर निघतो, कड सपाट होते, तोंडाची आतली गोलाई लाटेवर. करवंटी फार कडक, पट्टा खाते, आणि जळक्या खोबऱ्याचा वास दोन दिवस घरात राहतो. पण चमक अशी येते, की वर काही लावायलाच नको. त्यांच्यातली एक मुलगी माझ्यापेक्षा सराईत झाली आहे. यंत्र फिरतं त्याच्या उलट दिशेनं वस्तू सरकवायची हे तिला एकदाच सांगावं लागलं. तिच्या बोटांना नखापर्यंत चिकटपट्टी असते. हातमोजे ती घालत नाही आणि घालूही नयेत, फिरत्या दांड्याजवळ मोज्याचा एक दोरा पुरतो.

या सगळ्यावर तात्यांचं मत वेगळं आहे आणि ते नोंदवल्याशिवाय पुढं जाता येत नाही. तात्या म्हणजे आमच्या आळीतले जुने सुतार. उमेदीत रेवदंड्याच्या खाडीवर होड्या बांधल्या, मग होड्या फायबरच्या झाल्या आणि ते घरांच्या कामाला लागले. होडीच्या फासळ्यांसाठी ते जंगलात वाकडं झाड शोधायचे, जेवढा बाक हवा तेवढ्याच बाकाची फांदी. कारण सरळ फळीतून गोलाई कापली की रेशे तुटतात आणि तिथंच लाकूड फुटतं. माझं मशीन त्यांनी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग घासलेल्या फळीवर अंगठा फिरवून म्हणाले, ‘गुळगुळीत झालंय रे. पण हे कापलेलं नाही, खरवडलेलंय. पावसात बघ.’

मी पाहिलं. एकाच फणसाच्या दोन पट्ट्या घेतल्या. एक तात्यांच्या रंध्यानं काढलेली, पातं दगडावर लावून लावून आरशासारखं केलेलं. दुसरी माझ्या पट्ट्यावर, शेवटी दीडशे नंबरपर्यंत घासलेली. दोन्ही कोऱ्या, तेल नाही, पॉलिश नाही. जूनमध्ये ओटीवर ठेवल्या. पहिल्या दिवशी माझी पट्टी हाताला जास्त मऊ होती. नागपंचमीपर्यंत ती मांजराच्या जिभेसारखी खरखरीत झाली आणि तात्यांची होती तशीच राहिली, वर थोडी चमक उरलेली. कारण समजायला अवघड नाही. रंध्याचं पातं रेशा स्वच्छ कापतं. सँडरचा खडा रेशा फाडतो आणि फाटलेली टोकं दाबून बसवतो. हवेतलं पाणी लागलं की ती टोकं फुगून पुन्हा उभी राहतात. पुण्या-नगरच्या कोरड्या हवेत हे कदाचित वर्षभर कळणारही नाही. आमच्याकडे पहिला पाऊसच सांगतो.

तेव्हापासून मशीन मी फक्त आकारासाठी वापरतो. करवतीनं रेघेच्या बाहेरून कापायचं, लाटेवर ऐंशी नंबरच्या कागदानं रेघेपर्यंत यायचं आणि थांबायचं. मग ओल्या फडक्यानं पुसून मुद्दाम रेशे उभे करायचे, सावलीत वाळवायचे आणि उभे राहिलेले रेशे खरवडून काढायचे. त्यासाठी तात्या फुटक्या काचेचा तुकडा वापरतात, मी जुन्या करवतीच्या पात्याचा चौकोनी तुकडा धार वळवून. हे दोनदा केलं की पोळपाट धुतल्यावर पुन्हा उठत नाही. शेवटी जवसाचं तेल आणि मेण. नारळाचं तेल कितीही घरचं असलं तरी लाकडाला लावू नये. ते कधी सुकतच नाही, चिकट राहतं आणि खवट होतं. याच्यावरून माझं आमच्याच घरात भांडण झालेलं आहे.

यंत्रानं हातकाम संपलं असं कोणी म्हणालं तर मला ते खरं वाटत नाही, आणि यंत्रामुळे कारागिरी मेली हेही पटत नाही. माझ्याकडे यंत्र आल्यावर हातकाम वाढलं. पूर्वी मी गोलाईची कामं टाळत होतो, आता घेतो. वादळात घरं पडली तेव्हा कितीतरी विळ्यांची पाती आणि खवण्या तेवढ्या वाचल्या, पाट मोडले किंवा पावसात कुजले. बायका ती पाती घेऊन येतात. एकीनं सासूबाईंची विळी आणली, पातं झिजून निम्मं झालेलं. नवीन बाजारात मिळते की, असं तिच्या मुलानं सांगितलं, तर म्हणाली, ‘तिच्यावर बसायची सवय झालीये.’ आता या वाक्याला काय उत्तर देणार? जुन्या पाटाचा तुकडा नव्हता, म्हणून तिला ओटीवर बसवून पाय कुठं येतो, गुडघा कुठं, हे खडूनं फळीवर काढून घेतलं. तो पाट बाजारातल्यापेक्षा बोटभर रुंद निघाला आणि कंबर डावीकडे जास्त आत. दोन्ही बाजू सारख्या असत्या तर साचा करून दहा एकदम करता आले असते. तशी कामं येत नाहीत, आणि आली तर गणपतीच्या आधी, पाट आणि चौरंगांची. भाद्रपदाच्या आधीचे ते दिवस पेणला कारखान्यांत मूर्तींना पॉलिशपेपर फिरत असतो आणि इकडे माझ्याकडे चौरंगांना. मूर्ती हातानंच घासतात. नाकाच्या शेंड्याजवळ दोन हजार फेऱ्यांचं काही काम नाही.

जुन्या लाकडाला मी मशीन लावत नाही. याबाबतीत मी हट्टी आहे आणि त्यानं धंदा जातो. आवास, किहीमकडे मुंबईकरांचे बंगले वाढले, तशी जुन्या घरांतली दारं, खांब, झोपाळे विकत घेऊन बंगल्यात लावायची पद्धत आली. चांगलीच आहे, नाहीतर ते सरपण झालं असतं. पण घेतल्याबरोबर त्यांना ते ‘साफ’ करून हवं असतं. असाच एक गृहस्थ झोपाळ्याची सागाची फळी घेऊन आला. शंभरेक वर्षांची सहज असेल. उजेडात तिरकी धरली की पृष्ठभागावर रंध्याच्या पात्याचे उथळ पाट दिसत होते, प्रत्येक अंगठ्याएवढा रुंद, आणि बसायच्या जागी ते माणसांच्या उठण्याबसण्यानं बुजत गेलेले. कडेला कुणा मुलानं शिकताना कोरलेला ‘श्री’. वर तेलाचा, हातांचा, धुराचा काळसर थर. त्या गृहस्थाला खालचा सोनेरी साग हवा होता.

मी सांगितलं, की ऐंशी नंबरचा पट्टा याच्यावरून दोनदा गेला की तुम्हाला हवा तो रंग मिळेल, आणि मग ही फळी वखारीतल्या नव्या फळीपासून वेगळी ओळखू येणार नाही. कोमट पाणी, साबण, वाळल्यावर जवसाचं तेल, एवढंच करा. त्यांनी नम्रपणे ऐकून घेतलं. तात्या कोपऱ्यात बसले होते, ते म्हणाले, ‘साहेब, गाडी घ्या नवी, पण झोपाळा धुवून वापरा.’ गृहस्थ हसले, फळी गाडीत घातली आणि दुसऱ्या कुणाकडून ग्राइंडरला डिस्क लावून घासून घेतली. नंतर मी ती बंगल्यावर पाहिली, पिवळीधम्मक. कड्यांच्या खाली बसवायला चार लाकडी चकत्या मात्र त्यांनी माझ्याकडूनच करून नेल्या. नवा फणस होता. पट्ट्यावर झटक्यात झाल्या, आणि त्यांचे पैसे मी पुरेपूर लावले.